घरच्या घरी, कमी खर्चात गाडीचं मागचं सस्पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या हलक्या दोन आसनी गाडीखाली आजवर तीन मागची सस्पेन्शनं येऊन गेली. पहिलं नखशिखांत मी आखलेलं होतं, ते भंगारात गेलं. दुसरं अर्धं माझं, अर्धं उसनं. तिसरं मोडीत निघालेल्या एका गाडीतून अख्खं उतरवलेलं. त्यात माझे म्हणाल तर ब्रॅकेट तेवढे. गाडी आज त्याच्यावरच चालते. पैसे सगळ्यांत जास्त पहिल्यात गेले आणि सगळ्यांत कमी तिसऱ्यात. खालची उत्तरं वाचताना हा हिशेब डोक्यात असू द्या, कारण बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतात.

मागचं सस्पेन्शन खरंच घरी बनवता येतं का?

येतं. पण "बनवणं" म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवा. ॲक्सल, हब, बेअरिंग, स्प्रिंग, ब्रेक या गोष्टी घरी बनवायच्या नसतात, त्या तयार घ्यायच्या असतात. घरी बनतात त्या लिंक (ॲक्सलला गाडीशी जोडून जागेवर धरणारे दांडे), ब्रॅकेट, आडव्या नळ्या आणि या सगळ्याला गाडीच्या अंगाशी जोडणारा सांगाडा. त्यातही लिंक आणि त्यांचे बिंदू दुसऱ्या गाडीतून जसेच्या तसे उचलता आले, तर काम निम्म्यावर येतं. तिथे कुणीतरी पगार घेऊन वर्षानुवर्षं डोकं घातलेलं असतं आणि भंगाराच्या भावात ते डोकं फुकट मिळतं.

कोणती रचना निवडू?

गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, यावर अर्धा निर्णय होऊन जातो.

पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ट्विस्ट बीम घ्या आणि मोकळे व्हा. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये हीच रचना होती आणि आजही असंख्य लहान गाड्यांच्या मागे हीच असते. दोन हात, मध्ये एक आडवा बीम, पुढे दोन बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्या), झालं. मात्र हा बीम उघड्या छेदाचा असतो, म्हणजे उलट्या व्ही किंवा यू अक्षरासारखा. तो पिळला जावा म्हणूनच तसा ठेवलेला असतो. "जरा मजबूत करू" म्हणून त्याच्या उघड्या बाजूवर पट्टी वेल्ड केली की छेद बंद होतो, बीम पिळायचा थांबतो आणि एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकाला भोगावा लागतो. शिवाय वेल्डच्या टोकाशी तडा जातो तो वेगळाच. दुसरी गोष्ट, पुढचे बुश बऱ्याच गाड्यांत मुद्दाम तिरके बसवलेले असतात. वळणावर बाजूने जोर आला की बीम किंचित फिरू पाहतो, त्याला आवर घालायला तो तिरकेपणा असतो. तुमच्या ब्रॅकेटमध्ये तोच कोन उतरला पाहिजे. दिसायला सरळ बरं वाटतं म्हणून सरळ करू नका.

मागची चाकं ढकलणारी गाडी असेल तर अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ ॲक्सल, सगळ्यांत स्वस्त. तो धरायचे दोन मार्ग आहेत. पाटे लावले तर तेच स्प्रिंग, तेच लिंक, तेच आडवा आधार. सुटे भाग सगळ्यांत कमी. पाट्याच्या टोकाचा पुढचा डोळा पक्का, मागचा शॅकलवर (झुलणाऱ्या छोट्या दुव्यावर), मध्ये यू बोल्ट. तोटा असा की पाट्यांमधलं घर्षण बारीक खडबडीत रस्त्यावर जाणवतं आणि जोरात गती घेतली की ॲक्सल पाट्यासकट गुंडाळला जातो, त्यावेळी मागून धडधड येते. दुसरा मार्ग चार लिंक, कॉइल स्प्रिंग आणि आडवा पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक टोक ॲक्सलला आणि दुसरं गाडीला जोडून ॲक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा. काम जास्त, पण चाल पुष्कळ चांगली.

पॅनहार्डऐवजी वॅट लिंकेज लावता येते. जेम्स वॅटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा दांडा सरळ रेषेत चालावा म्हणून काढलेली युक्ती आहे ती. त्यात ॲक्सल बाजूला सरकत नाही. पण सांधे वाढतात, जागा लागते, आणि रस्त्यावरच्या गाडीला त्या फरकाची गरज क्वचितच पडते. हौस असेल तर करा.

स्वतंत्र मागचं सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळी अशी दोन विशबोन (व्ही आकाराचे हात) किंवा पाच लिंकची रचना, घरी आखू नका. अख्खं सबफ्रेमसकट (ज्या छोट्या सांगाड्यावर ते बसतं त्याच्यासकट) मिळालं तर गोष्ट वेगळी. तेव्हा सबफ्रेमचे चार किंवा सहा बिंदू तेवढे सांभाळायचे.

स्विंग ॲक्सल, म्हणजे मध्ये डिफरन्शियलजवळच सांधा असलेले आणि चाकासकट वर-खाली झुलणारे दोन अर्धे ॲक्सल, मात्र टाळाच. सांधे कमी लागतात म्हणून मोह होतो. १९६० ते १९६४ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेरमध्ये तो होता आणि १९६५ पासून कंपनीनेच रचना बदलली. जोरात वळताना गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि पकड एकाएकी सुटते. अशा गाडीत वळणाच्या मध्ये घाबरून ॲक्सिलरेटर सोडणं म्हणजे संकटाला हाक मारणं.

भंगारातून काय उचलायचं आणि काय तिथेच सोडायचं?

उचला: ॲक्सल किंवा बीम, हात, हब, ब्रेक, हँडब्रेकच्या केबल, पॅनहार्ड रॉड, स्प्रिंगच्या वाट्या आणि वर-खाली बसणाऱ्या रबरी गाद्या. शक्य असेल तर ज्या पत्र्याला हात जोडलेला होता तो ब्रॅकेटसुद्धा आजूबाजूच्या पत्र्यासकट कापून आणा. तो गाडीत वापरायचा नाही, त्याच्यावरून माप घ्यायचं. कापायच्या आधी गाडी सपाट जागी असताना प्रत्येक बिंदूची जमिनीपासूनची उंची आणि चाकाच्या मध्यापासूनचं अंतर लिहून घ्या, फोटो काढा. हे अर्ध्या तासाचं काम मी पहिल्यांदा केलं नव्हतं आणि त्यामुळे पुढचे दोन महिने अंदाजपंचे गेले.

सोडा: शॉक ॲब्सॉर्बर, बुश, ब्रेकचे रबरी पाइप, यू बोल्ट आणि एकदा ताणले गेलेले लॉक नट. हे नवे घ्यायचे. यू बोल्ट कसताना ताणला जातो आणि त्याच्या आट्यांवर गंज असतो. तो दुसऱ्यांदा तसाच कसला जात नाही.

देणारी गाडी, म्हणजे जिच्यातून हे भाग काढायचे ती, निवडताना तिच्या मागच्या बाजूचं वजन तुमच्या गाडीच्या जवळपास हवं. दोन चाकांमधलं अंतर जुळायला हवं आणि चाकाच्या बोल्टांची मांडणी पुढच्या चाकांसारखी असली तर स्टेपनी एकच पुरते. ट्विस्ट बीम कापून अरुंद करायचा विचार मनात आला तर बीम बदला, विचार नको.

मोजमापाची सुरुवात कुठून करायची?

जमिनीवरून. गाडी चार घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) लेव्हलमध्ये उभी करा. तिचा पुढचा आणि मागचा मध्यबिंदू ओळंब्याने खाली उतरवा आणि खडू लावलेल्या दोरीने जमिनीवर मध्यरेषा मारा. यापुढे सगळी मापं या रेषेपासून घ्यायची, गाडीच्या पत्र्यापासून नाही. पत्रा कारखान्यातून सरळ आलेला असला तरी आयुष्यात कुठेतरी ठोकर खाल्लेला असतो.

मग हातांच्या पुढच्या बिंदूंपासून ॲक्सलच्या विरुद्ध टोकांपर्यंत कर्ण मोजा. दोन्ही कर्ण २ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. माझ्या पहिल्या सस्पेन्शनमध्ये ते ९ मिमीने चुकले होते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ असून गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायची, आणि मी दोष टायरला देत होतो.

लोखंडाला हात लावण्याआधी प्लायवूडच्या एका फळीवर पूर्ण मापाचं चित्र काढा. लिंकच्या जागी लाकडी पट्ट्या, सांध्यांच्या जागी खिळे. ॲक्सलची पट्टी ७५ मिमी वर न्या, ७५ मिमी खाली न्या आणि प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने खूण करा. ॲक्सल किती पुढे-मागे जातो, किती फिरतो, कुठे अडतो, हे तिथेच दिसतं. एका संध्याकाळचा खेळ आहे, पण माझ्या दुसऱ्या आखणीतली सगळ्यांत मोठी चूक या फळीवर सापडली: वरची लिंक इतकी आखूड होती की चाक वर जाताना डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) नाक आकाशाकडे बघायला लागायचं.

मागच्या चाकांवर किती वजन येतं हे वजनकाट्याशिवाय कसं कळणार?

माणसांचं वजन करायचा साधा काटा असला तरी भागतं. एक जाड, न वाकणारी फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या गजावर टेकवा, दुसरं काट्यावर ठेवलेल्या गजावर. दोन गजांमधलं अंतर १२० सेंमी ठेवा. चाक विटेच्या बाजूच्या गजापासून ४० सेंमीवर टेकेल असं फळीवर चढवा. आता काटा चाकावरच्या वजनाचा एक तृतीयांश दाखवेल. रिकाम्या फळीला काटा जेवढं दाखवतो तेवढं आधी वजा करा, मग तिनाने गुणा. काट्यावर ६७ किलो आले तर चाकावर सुमारे २०० किलो.

बाकीची तीन चाकंही तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यांवर हवीत, ब्रेक सोडलेला हवा आणि टाकीत नेहमीइतकं इंधन हवं. चालकाच्या जागी कुणालातरी बसवा. काटा वाचायला तुम्ही बाहेर असता, म्हणून मदतनीस लागतोच. पुढच्या-मागच्या चाकांना पाचरी लावायला विसरू नका, फळीवरून गाडी घरंगळते.

स्प्रिंग किती कडक घेऊ?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून उदाहरण घेऊन सांगतो.

समजा मागच्या दोन चाकांवर मिळून ४०० किलो आहेत. त्यातले ॲक्सल, चाकं, ब्रेक असे ८० किलो स्प्रिंगच्या खाली आहेत, ते सोडा. उरले ३२०, म्हणजे एका बाजूला १६०. साध्या प्रवासी गाडीचं अंग सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा हेलकावतं. आपण १.४ हर्ट्झ धरू. चाकाशी लागणारा कडकपणा = (२ × ३.१४ × १.४) चा वर्ग × १६०, म्हणजे मीटरला सुमारे १२,४०० न्यूटन, म्हणजेच मिलिमीटरला १२.४ न्यूटन.

हा झाला चाकाशी. स्प्रिंग जर हाताच्या मध्ये कुठेतरी बसली असेल तर चाक १० मिमी वर गेल्यावर ती १० मिमी दबत नाही. समजा ८ मिमी दबते. तर गुणोत्तर ०.८, आणि कडकपणात ते दोनदा लागतं: ०.८ × ०.८ = ०.६४. १२.४ ला ०.६४ ने भागा, १९.४ आले. म्हणजे मिलिमीटरला साधारण १९ न्यूटनची स्प्रिंग. गुणोत्तर एकदाच लावून स्प्रिंग घेणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत आरशातला एक आहे.

आता हेच आकडे उलटे वापरून बघा. १६० किलोखाली चाकाशी १२७ मिमी दब बसते. मागे सामान आणि माणसं मिळून १५० किलो वाढले, एका बाजूला ७५, तर गाडी आणखी ५९ मिमी खाली बसेल. वर जायला एकूण ७५ मिमी ठेवले असतील तर भरलेल्या गाडीत खड्ड्यासाठी उरले १६. हे चालणार नाही. मग तीन पर्याय आहेत: स्प्रिंग थोडी कडक घ्या, चाकाचा पल्ला वाढवा किंवा आत किती माणसं बसणार याचा प्रामाणिक विचार करा. मी पहिला आणि तिसरा निवडला.

मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त वारंवारतेची ठेवतात, साधारण दहा ते वीस टक्के. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं चाक उशिरा पोचतं. मागचं हेलकावणं जरा वेगवान असलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलत नाही. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने हे मांडलं आणि अजून त्यावरच काम चालतं.

स्प्रिंग कापून वापरली तर?

कापली की ती आखूड होते आणि कडकही होते. कडकपणा असा काढतात: तारेच्या व्यासाचा चौथा घात गुणिले ७९,०००, भागिले वेढ्यांच्या सरासरी व्यासाचा घन गुणिले ८ गुणिले चालू (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांची संख्या, सगळं मिलिमीटरमध्ये. तार १२ मिमी, वेढा १०० मिमी, चालू वेढे ६ असतील तर मिलिमीटरला ३४ न्यूटन. एक वेढा कापून ५ उरले की ४१. म्हणजे एका वेढ्याने वीस टक्के फरक. देणाऱ्या गाडीची स्प्रिंग तुमच्या गाडीला मऊ पडत असेल तर हा फरक उपयोगीही पडू शकतो.

पण कापायची तर पातळ चकतीने, ओल्या फडक्याने थंड ठेवत. गॅसच्या ज्योतीने नाही; पोलादाचं पाणी उतरतं आणि तिथे ती बसते किंवा तुटते. टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या स्प्रिंगा कापायच्याच नाहीत. कापलेलं टोक वाटीत घट्ट बसलं पाहिजे आणि चाक पूर्ण खाली लोंबत असतानाही स्प्रिंग सैल होता कामा नये. नाहीतर एखाद्या उतारावर ती वाटीतून निसटेल. स्प्रिंगला वेल्ड करणं किंवा तापवून "बसवणं" याबद्दल मला विचारूही नका.

शॉक ॲब्सॉर्बर तिरका बसवला तर चालतो का?

चालतो, पण त्याचं बळ कमी होतं. उभ्या रेषेपासून ३० अंश झुकवला तर परिणाम पाऊण उरतो, ४५ अंशांवर निम्मा. दुहेरी नळीचा शॉक ॲब्सॉर्बर उलटा कधीच लावू नका, तेलात हवा शिरते. आणि पूर्ण दबल्यावर आधी रबरी ठोकळा टेकला पाहिजे, शॉक ॲब्सॉर्बरचा तळ नंतर.

एक सावधगिरी. ज्या गाडीत स्प्रिंग वेगळी आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगळा होता, तिथल्या शॉक ॲब्सॉर्बरच्या ब्रॅकेटवर गाडीचं वजन कधी आलेलंच नसतं. तिथे स्प्रिंग अंगावर घेतलेला कॉइलओव्हर बसवला तर पातळ पत्र्याचा तो कान फाटतो. उभ्या वजनाच्या निदान तिप्पट भार सोसेल असा नवा ब्रॅकेट सांगाड्यापर्यंत न्या.

पॅनहार्ड रॉड किती लांब हवा?

बसेल तेवढा लांब आणि गाडी उभी असताना आडवा. ९०० मिमीचा रॉड ७५ मिमी वर-खाली झाला की ॲक्सल बाजूला ३ मिमी सरकतो. ५०० मिमीचा असेल तर जवळजवळ ६.

लिंक कशाच्या बनवू? बोल्ट कोणते?

आधी जोर किती येतो ते बघा, म्हणजे पाण्याच्या पाइपचा मोह जाईल. टायरची त्रिज्या ३०० मिमी, ब्रेकने एका चाकाशी २,००० न्यूटन, खालची लिंक जमिनीपासून २५० मिमीवर आणि वरची तिच्यावर २०० मिमी. ब्रेक मारला की ॲक्सल फिरू पाहतो, त्याला लिंकच अडवतात. वरच्या लिंकवर २,५०० न्यूटन येतात आणि खालच्यावर ४,५००. रस्त्यावर लागलेल्या जोराच्या दुपटीहून जास्त. दोन लिंकमधलं उभं अंतर वाढवलं की हा आकडा झपाट्याने उतरतो, म्हणून जागा असेल तर ते अंतर वाढवा. जाड नळीपेक्षा हे स्वस्त. आणि हे झालं साध्या ब्रेकचं. ब्रेक मारत खड्ड्यात गेलात की याच्या कितीतरी पट.

नळी अखंड पोलादी, हलक्या गाडीला २५ मिमी बाहेरून आणि ३ मिमी भिंतीची मला पुरली आहे. जस्ताचा मुलामा असलेली नळी नको. वेल्ड करताना निघणारा धूर अंगात ताप आणतो आणि वेल्डही पोकळ होतो. लिंकवर चकचकीत क्रोम चढवायचा विचार असेल तर तोही सोडा, त्या प्रक्रियेत कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. काळा रंग बरा. त्यावर तडा लपतो अशी तक्रार असेल तर फिकट राखाडी द्या, मी तेच करतो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं हवं. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, कायमचा ताणला जातो. नेहमीचा स्टेनलेसचा बोल्ट दिसायला देखणा, पण ४५० च्या आसपासच ताणतो. तो नंबर प्लेटला वापरा. बोल्टचा गुळगुळीत भाग ब्रॅकेटच्या दोन्ही भिंतींतून आरपार गेला पाहिजे, आटे कापाच्या रेषेत येता कामा नयेत. त्यासाठी थोडा लांब बोल्ट घेऊन जादाचे आटे कापायचे. ब्रॅकेट दोन कानांचा हवा, बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला. एकाच कानावर लटकणारा बोल्ट वाकतो, मग भोक अंडाकृती होतं, मग टकटक सुरू होते.

बुश रबराचे, पॉलियुरेथेनचे की लोखंडी सांधे?

रस्त्यावरच्या गाडीला रबर. पॉलियुरेथेन कडक आणि टिकाऊ असतं, पण ते फिरतं, पिळत नाही. चार तिरक्या लिंकच्या रचनेत एक चाक वर आणि एक खाली गेलं की बुशांना पिळावंच लागतं; तिथे पॉलियुरेथेन अडून बसतं आणि भार ब्रॅकेटवर जातो. वर ग्रीस संपलं की कुरकुर. लोखंडी गोलाकार सांधे मोजके ठेवा आणि त्यांच्या दांड्यावर वाकवणारा जोर येणार नाही अशाच ठिकाणी. शॉक ॲब्सॉर्बर किंवा स्प्रिंग लिंकवर टेकवलेली असेल तर त्या लिंकच्या टोकाला तर नाहीच.

रबरी बुशबाबतची माझी चूक सांगतो. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबती, आणि मी सगळे बोल्ट मनापासून कसून टाकले. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. कसलेल्या स्थितीत ते निवांत होतं, म्हणजे चाकं लोंबत असताना. गाडी खाली उतरवल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला. गाडी दोन सेंटिमीटर उंच बसली, मला वाटलं स्प्रिंगच कडक आली. चार महिन्यांनी एक बुश काढला तर रबर नळीपासून अर्धं सुटलेलं, बोटाने ओढून बाहेर निघालं. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, नेहमीचं वजन आत ठेवा, दोन-चार वेळा दाबून सोडा, आणि मगच कसा. खाली शिरायला जागा नसेल तर चारही चाकांखाली ठोकळे ठेवा.

वेल्डिंग स्वतः करू का?

टॅक (भाग जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके) स्वतः मारा, शेवटचे वेल्ड अनुभवी माणसाकडून करून घ्या. लहान घरगुती मशीन ६ मिमीच्या पट्टीवर सुंदर रेघ काढतं, पण ती रेघ वरवर बसलेली असते. खात्री करायची तर त्याच जाडीचे दोन तुकडे जोडा, पकडीत धरा आणि हातोड्याने दुमडा. वेल्ड उखडला तर उत्तर मिळालं. पट्टी वाकली आणि वेल्ड राहिला तर पुढे बोला.

पातळ पत्र्यावर ब्रॅकेट थेट नको. मध्ये मोठी पट्टी द्या, तिचे कोपरे गोल करा, टोकं निमुळती ठेवा. नळीच्या आडव्या दिशेने सरळ वेल्ड संपला की तडा नेमका तिथून निघतो. आणि ब्रॅकेटमध्ये वेल्ड करताना बोल्ट आणि बुशऐवजी पोलादी नळीचा तुकडा अडकवून ठेवा, नाहीतर कान आत झुकतात आणि बुश जळतो.

मागच्या सस्पेन्शनच्या शेजारी पेट्रोलची टाकी असते. ती सैल करून बाजूला सरकवायची नाही, काढून शेडच्या बाहेर ठेवायची; इंधनाच्या नळ्याही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. बॅटरीची वायर काढा.

ब्रेकमध्ये काही बदलावं लागतं का?

लोक हे शेवटी आठवतात. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक लहान दांडी जोडलेली असते, ती वर अंगाशी असलेल्या व्हॉल्व्हला जाते. गाडीवर भार किती हे तिच्यावरून कळतं आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब मिळतो. ॲक्सल बदलला, उंची बदलली आणि ती दांडी तशीच ठेवली किंवा लोंबत सोडली, तर मागची चाकं एकतर आधी जाम होतील किंवा ब्रेक लागणारच नाहीत. दांडीची जागा नव्याने जुळवा.

रबरी पाइप चाक पूर्ण खाली असताना ताणला जाऊ नये, पूर्ण वर असताना टायरला लागू नये. हे डोळ्यांनी बघायचं: स्प्रिंग काढा, जॅकने चाक टोकापासून टोकापर्यंत न्या आणि दर दोन सेंटिमीटरला थांबून पाइप, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर, सायलेन्सर आणि टायर यांच्याकडे बघा. एकदा दोन्ही चाकं मिळून, एकदा एकच चाक वर.

ॲक्सलचा कोन कसा ठेवू?

गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या, दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे) असलेल्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचं नाक समांतर हवं, म्हणजे दोन्ही सांध्यांचे कोन सारखे होऊन एकमेकांचा धक्का खातात. कोन तीन अंशांच्या आत ठेवा, पण अगदी शून्यही नको. सुईसारखी बेअरिंगं थोडी हलली नाहीत तर एकाच जागी खड्डा पाडतात.

चाकं सरळ आहेत हे घरी कसं तपासायचं?

दोरीने. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर, चाकांच्या मध्याच्या उंचीला दोरी ताणा. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या पट्टीने अर्धा मिलिमीटर वाचता येतो, तेवढं पुरे. दोन्ही मागची चाकं एकाच बाजूला वळलेली दिसली तर ॲक्सल तिरका आहे. लिंकची लांबी जुळवा.

सरळ ठीक जाते, पण वळणात मागची बाजू अस्वस्थ वाटते. का?

आधी टायरची हवा आणि सैल बोल्ट बघा. ते ठीक असेल तर खालच्या लिंकचा उतार बघा. लिंकचं पुढचं टोक ॲक्सलकडच्या टोकापेक्षा उंच असेल, तर गाडी झुकल्यावर बाहेरचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे, आणि अख्खा ॲक्सल वळणाच्या बाहेर तोंड करतो. म्हणजे मागची चाकं स्वतःहून थोडं स्टिअरिंग करतात, तेही चुकीच्या दिशेने. पुढचं टोक किंचित खाली असेल तर हेच उलट आणि सुरक्षित होतं. मागची बाजू उंच दिसावी म्हणून गाडी उचलणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. ब्रॅकेटमध्ये एकाखाली एक दोन भोकं आधीच पाडून ठेवली तर लिंक खाली घ्यायला दहा मिनिटं लागतात.

परवानगी, विमा वगैरे?

सस्पेन्शनमधल्या बदलांना बहुतेक ठिकाणी तपासणी आणि मंजुरी लागते, काही ठिकाणी बदल करताच येत नाही. कापाकापीच्या आधी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. मापांची वही आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो तपासनिसापुढे ठेवले की बोलणं सोपं जातं.

पहिल्यांदा गाडी कशी चालवून बघायची?

मोकळ्या, बंद जागी, चालण्याच्या वेगाने. ब्रेक, वळण, पुन्हा ब्रेक. थांबा, खाली शिरा. आधी प्रत्येक बोल्ट आणि ब्रॅकेटवर आडवी रंगाची रेघ ओढून ठेवलेली असेल तर कोणता नट फिरला हे टॉर्च मारताच दिसतं. मग थोडा वेग, थोडा खडबडीत रस्ता, परत तपासणी. गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. तो वर येऊन एकदा किंचित ओलांडून थांबला पाहिजे. तीन-चार वेळा डुलला तर शॉक ॲब्सॉर्बर कमजोर. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा, पाचशेनंतर पुन्हा.

सगळं नवं आहे, तरी मागून टकटक येते. कुठे शोधू?

गाडी उभी ठेवा, एकाला पुढे-मागे ढकलायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवा, अर्धं लिंकवर आणि अर्धं ब्रॅकेटवर. आवाज कानाला फसवतो, बोटाला नाही. माझ्या गाडीत तीन आठवडे मी शॉक ॲब्सॉर्बरला शिव्या घालत होतो. बोट ठेवल्यावर कळलं की पॅनहार्ड रॉडच्या अंगाकडच्या बोल्टला १२ ऐवजी साडेबारा मिमीचं भोक पाडलं होतं. नवा ब्रॅकेट केला, भोक आधी ११.५ मिमी पाडून मग रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) १२ ला आणलं.